तो तुमच्या मागे लागलेला नसतो!

ऑफर लेटर आलं. एज्युकेशन लोन मंजूर झालं. व्हिसाही लागला. आता बॅगेत लोणच्याची बरणी कुठे बसवायची एवढाच प्रश्न उरलाय. (ती बरणी तिकडच्या विमानतळावर जाहीर करावी लागते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) आणि नेमका त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडतो. 'ऑस्ट्रेलियातले दहा सर्वात विषारी साप'. पाठवणारे बहुतेक वेळा काका असतात. खाली लगेच आईचा मेसेज, "अगं, तिकडे म्हणे घरात साप निघतात?" मग मावशीचे हात जोडलेले चार इमोजी.

तुम्ही हसण्यावारी नेता. पण रात्री सगळे झोपल्यावर तोच व्हिडिओ पुन्हा लावून बघता की नाही? खरं सांगा.

तर आज सापांबद्दलच बोलू. पण कोणाचं विष किती जालीम, एका दंशात किती उंदीर मरतात, हे नाही. ते प्रत्येक व्हिडिओत असतं. आपण वेगळं विचारू. हे साप आणि माणूस समोरासमोर आले, की साप नेमकं करतो काय? चावायला धावतो? पळून जातो? की तिथेच बसून राहतो? हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी रानात जाऊन, सापाच्या जवळ चालत जाऊन तपासलाय. त्यांची उत्तरं काकांच्या व्हिडिओत नाहीत.

आधी थोडे आकडे, कारण त्याशिवाय गंमत कळणार नाही. ऑस्ट्रेलियात २००५ ते २०१५ या दहा वर्षांत 'ऑस्ट्रेलियन स्नेकबाइट प्रोजेक्ट' नावाखाली देशभरातल्या हॉस्पिटलांमधून सर्पदंशाच्या पेशंटची माहिती जमवली गेली. साप चावल्याचा संशय असलेले १,५४८ पेशंट त्यात होते. त्यातल्या ८३५ जणांच्याच अंगात विष भिनलेलं आढळलं. म्हणजे निम्म्याच्या आसपास लोक 'साप चावला' म्हणून आले आणि विषाची बाधा न होताच घरी गेले. मृत्यू किती? दहा वर्षांत २३. वर्षाला साधारण दोन.

आता आपल्याकडे या. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज 'मिलियन डेथ स्टडी'च्या आधारे २०२० मध्ये मांडला गेला. वर्षाला सरासरी ५८ हजार. ज्या देशातले लोक तुम्हाला सापांवरून घाबरवतायत, त्या देशातून तुम्ही निघालायत कुठे, तर वर्षाला दोन मृत्यू होणाऱ्या देशात. आईला हा आकडा दाखवा. उपयोग होईल याची गॅरंटी नाही, पण दाखवा.

अर्थात लगेच कॉलर ताठ करून 'तिकडचे साप फुसके' असं म्हणायचं नाही. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाव हिस्सा. तिथला शेतकरी बूट घालून आणि बहुतेक वेळा गाडीत बसून शेतात जातो. आपला अनवाणी भातात उतरतो, रात्री जमिनीवर झोपतो, आणि मण्यार अंथरुणात शिरली तर त्याला कळतही नाही. प्रतिविष तिथे वेळेत मिळतं, आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत पोचेपर्यंत जीव जातो. ही सगळी कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे, ते खुद्द सापाच्या स्वभावात.

४५५ वेळा गाठ, १२ वेळा चाल

न्यू साउथ वेल्स राज्यात लीटन नावाचं गाव आहे. कालव्यांचं पाणी, भाताची शेती, आणि भात आला की उंदीर आले, उंदीर आले की साप आले. हे गणित कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. इथला साप म्हणजे ईस्टर्न ब्राऊन स्नेक. सडपातळ, चपळ, आणि ऑस्ट्रेलियात सर्वात जास्त माणसं मारणारा. वर सांगितलेल्या २३ मृत्यूंपैकी १७ ब्राऊन स्नेकच्या नावावर आहेत. म्हणजे व्हिडिओतला खराखुरा व्हिलन हाच.

पॅट्रिक व्हिटेकर आणि रिक शाइन या दोन संशोधकांनी लीटनच्या शेतांमध्ये या सापाचा अभ्यास केला. (आपल्या चेन्नईच्या मगरवाल्या रोम्युलस व्हिटेकरांशी गल्लत करू नका, ते वेगळे.) माणसाची आणि सापाची गाठ पडली की साप काय करतो, हे त्यांनी एकेका भेटीगणिक टिपून ठेवलं. ऊन किती होतं, वारा होता का, ढग होते का, माणूस जोरात चालत होता की हळू, कपडे कुठल्या रंगाचे होते, सगळं. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

एकूण ४५५ भेटी. त्यातल्या साधारण निम्म्या वेळा साप सरळ निघून गेला. उरलेल्या जवळजवळ सगळ्या वेळा तो लपून राहायच्या प्रयत्नात होता. माणसाच्या दिशेने पुढे आला, असं झालं फक्त १२ वेळा.

४५५ पैकी १२. शंभरातल्या तीनपेक्षा कमी. तेही ऑस्ट्रेलियातल्या सर्वात बदनाम सापाच्या बाबतीत. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांशी तुलना करायचा मोह होतोय, पण आवरते.

पण मला या अभ्यासातला खरा मजेदार भाग पुढचा वाटतो. गडद रंगाचे कपडे घातलेला माणूस सापाच्या लवकर नजरेत भरतो. लवकर दिसला की साप लवकर निघून जातो. म्हणजे तुमचा तो काळा ट्रॅकसूट कामाचा आहे. दुसरं, हळूहळू चालणारा माणूस सापाच्या जास्त जवळ पोचण्याची शक्यता असते, कारण सापाला त्याचा पत्ता उशिरा लागतो. पण अशा हळू चालणाऱ्यावर साप चिडण्याची शक्यता मात्र कमी असते. जोरात येणारं मोठं धूड अंगावर आलं तर तुम्ही काय कराल? तोही तेच करतो.

वारा सुटलेल्या, ढगाळ दिवशी नर साप भेटला तर धोका थोडा वाढतो, कारण माणूस अगदी जवळ येईपर्यंत सापाला कळत नाही आणि मग तो दचकतो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिकडच्या वसंताच्या सुरुवातीला, नर सापांचं लक्ष भलतीकडेच असतं. मादीच्या मागे असलेल्या नराला माणूस येतोय याचं भान राहत नाही. कॉलेजात असं कोण कोण असतं ते तुम्हाला माहीत आहेच.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. गोची होते ती सापाला माणूस उशिरा दिसतो तेव्हा. त्याला आधी कळलं तर तो तुमच्या वाट्याला जात नाही.

पाठलाग म्हणजे काय रे भाऊ?

तरीही तिकडच्या कुठल्याही गावात जा, एक तरी जण शपथेवर सांगेल, "ब्राऊन स्नेक माझ्या मागे लागला होता." आपल्याकडे नाग डूख धरतो, तिकडे ब्राऊन स्नेक पाठलाग करतो. अशा गोष्टींना व्हिसा लागत नाही.

होतं काय, की सापाला पळून जायचं असतं ते त्याच्या ओळखीच्या बिळाकडे किंवा आडोशाकडे. ते बीळ तुमच्या पाठीमागे असलं तर तो तुमच्याच दिशेने येतो. तुम्ही घाबरून त्याच रेषेत पळता. मग काय, झाला पाठलाग! आणि हा साप पळतो जोरात, त्यामुळे गोष्ट सांगायला आणखी रंगतदार होते. खरं तर अशा वेळी शांत उभं राहणं किंवा हळूच मागे-बाजूला सरकणं हेच बरं. तुम्ही तसं केलंत तर तुमच्याकडे सांगायला गोष्ट राहत नाही, एवढाच तोटा.

आता ते १२ वेळा पुढे आलेले साप. किंवा समजा कुणी कोपऱ्यात अडकवलेला, काठीने डिवचलेला साप. तो काय करतो? एकदम चावत नाही. आधी सांगून बघतो. ईस्टर्न ब्राऊनचं सांगणं दोन प्रकारचं असतं. पहिल्यात तो शरीराचा पुढचा भाग जमिनीपासून थोडासाच, आडवा उचलतो. दुसऱ्यात मात्र तो चांगला उंच, उभा होतो, मानेचा इंग्रजी 'एस' करतो आणि तोंड उघडतो. हा पवित्रा दिसला तर समजायचं, की विषय संपलाय आणि तुम्ही आता निघावं. पहिल्या पवित्र्यातून चावला तर दंश बहुधा पोटरीच्या आसपास होतो, दुसऱ्यातून चावला तर मांडीपर्यंत जाऊ शकतो. त्याचे विषदंत फार मोठे नसतात, जेमतेम ३ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या निम्मे. जाड जीन्स आणि बूट यांचं महत्त्व इथे कळतं. शॉर्ट्स आणि फ्लोटर्सवर बुशवॉकला जाणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

टायगर स्नेकची भाषा आपल्याला ओळखीची वाटेल. तो मान चपटी करतो आणि जोरात फुत्कारतो. नागासारखा फणा काढून ताठ उभा राहत नाही, पण चुलतभाऊ शोभतो. शोभतो कशाला, आहेच. ऑस्ट्रेलियात घोणस, फुरसं यांच्या कुळातले साप मूळचे नाहीतच. तिथले जमिनीवरचे घातक साप नाग आणि मण्यार यांच्याच कुळातले. टायगर स्नेकला पाणथळ जागा आवडतात, बेडूक आवडतात, आणि मेलबर्नमधल्या ओढ्यांच्या काठाने तो बिनधास्त राहतो.

सिडनीकडे जाणार असाल तर रेड-बेलीड ब्लॅक भेटू शकतो. चकचकीत काळा, पोटाच्या कडेला लाल. दिसायला एकदम राजबिंडा आणि स्वभावाने बुजरा. याचं विष माणसाला आजारी पाडतं, पण त्याने माणूस दगावल्याचं जवळपास ऐकिवात नाही.

आणि मग येतो डेथ ॲडर. वर जे जे सांगितलं ते याला लागू नाही. हा पळत नाही. जाडजूड, बुटका, पालापाचोळ्यात अंग चोरून तासन्‌तास पडून राहणारा. शेपटीचं टोक अळीसारखं वळवळवतो आणि ते खायला येणाऱ्या सरड्या-पक्ष्यांची वाट बघतो. राहणी आपल्या घोणसासारखी, पण कूळ नागाचं. तुम्ही शेजारून गेलात तरी तो हलणार नाही, कारण लपून राहण्यावर त्याचा पूर्ण भरवसा. पाय थेट अंगावर पडला तर मात्र चावतो. म्हणून सिडनीभोवतीच्या जंगलात फिरताना पायवाट सोडायची नाही आणि अंधारात टॉर्चशिवाय चालायचं नाही.

"पण साप बहिरा असतो ना?" हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. कान बाहेरून दिसत नाहीत हे खरं. पण क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ख्रिस्टिना झ्डेनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवाजबंद खोलीत १९ सापांना वेगवेगळे आवाज ऐकवून ३०४ चाचण्या घेतल्या. जमिनीतून थरथर जाणवणारे आवाज होते, तसे फक्त हवेतून येणारेही होते. साप दोन्हींना प्रतिसाद देत होते. त्यातही गंमत म्हणजे वोमा नावाचा बिनविषारी अजगर आवाजाच्या दिशेने जायला बघत होता, आणि टायपॅन, ब्राऊन स्नेक, डेथ ॲडर ही विषारी मंडळी आवाजापासून लांब जात होती. जे खरंच घातक आहेत, तेच आधी काढता पाय घेतात.

नंबर वनचा लाजरा स्वभाव

आता त्या दहाच्या यादीतल्या पहिल्या नंबरकडे येऊ. इनलँड टायपॅन. उंदरांवर केलेल्या चाचण्यांत याचं विष सगळ्या जमिनीवरच्या सापांमध्ये जास्त जहाल ठरलंय. इंग्रजीत याला 'फिअर्स स्नेक' म्हणतात, म्हणजे क्रूर साप. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, कारण हा अतिशय लाजाळू. क्वीन्सलंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, जिथे माणूसच फारसा नाही, तिथे जमिनीच्या भेगांमध्ये राहतो आणि उंदीर खातो. १८७९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि नंतर तो असा गायब झाला, की १९७२ मध्येच पुन्हा नीट सापडला. नव्वद वर्षांहून जास्त काळ शास्त्रज्ञांच्या हाती न लागणारा प्राणी तुमच्या होस्टेलच्या गॅलरीत येऊन बसणार आहे का? त्याच्या दंशाच्या ज्या थोड्या घटना नोंदल्या गेल्यात, त्यातल्या बहुतेक साप हाताळणाऱ्यांच्याच आहेत.

त्याचा किनाऱ्याकडचा भाऊ, कोस्टल टायपॅन, मात्र वेगळं प्रकरण. क्वीन्सलंडच्या उसाच्या पट्ट्यात राहतो. तोही माणूस दिसला की निघून जायला बघतो, पण कोंडीत सापडला तर एका पाठोपाठ एक असे अनेक दंश करतो, तेही आपल्याला कळायच्या आत. याचे विषदंत १२ मिलिमीटरपर्यंत लांब असतात. प्रतिविष तयार होईपर्यंत याचा दंश म्हणजे जवळपास मरणच.

आणि ते प्रतिविष कसं आलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. केव्हिन बडन नावाचा सिडनीचा मुलगा होता. वय वर्षं २०. म्हणजे आपल्यातल्या एसवाय-टीवायच्या कुणाच्याही वयाचा. प्रतिविष बनवायचं तर जिवंत टायपॅन हवा, म्हणून तो १९५० च्या जुलैमध्ये केर्न्स शहराच्या परिसरात टायपॅन शोधत होता. त्याला तो सापडला, त्याने तो हाताने पकडलाही. पण पिशवीत सोडताना साप हाताला चावला. बडनने साप मारू दिला नाही. हा मेलबर्नच्या प्रयोगशाळेत पोचलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. साप मेलबर्नला पोचला, त्याचं विष काढलं गेलं, आणि १९५५ मध्ये टायपॅनचं प्रतिविष आलं.

बडनबद्दल आदर वाटतोच. पण त्याच्या गोष्टीत सापाच्या वागण्याबद्दलही काहीतरी आहे. तो गवतातून चालताना चावला गेला नाही. साप हातात धरल्यावर चावला गेला. आणि हे आजही सुरू आहे. ऑस्ट्रेलियातल्या सर्पदंशांमध्ये साप पकडायला किंवा मारायला गेलेल्यांचा भरणा चांगलाच असतो. बडनकडे निदान कारण होतं. आपल्याकडे गळ्यात नाग घालून रील बनवणाऱ्या 'सर्पमित्रां'कडे काय कारण असतं? लाइक्स. चांगले सर्पमित्र आपल्याकडे पुष्कळ आहेत, ते हुक वापरतात, साप पटकन बरणीत घालतात, फॉरेस्टला कळवतात, आणि त्यांचे व्हिडिओ अजिबात व्हायरल होत नाहीत. फणा काढलेल्या नागाचा मुका घेणाऱ्याला पाच लाख व्ह्यू मिळतात. तुम्ही ते रील शेअर करता तेव्हा पुढच्या मुलाला आमंत्रण देता, हे माझं मत, पटलं नाही तर मेल करा.

असो. माझी मामेबहीण मेलबर्नला मास्टर्स करते. तिच्या रूमजवळून मेरी क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि काठाने चालायची वाट आहे. वाटेवर सापांबाबत सावध करणारी पाटी लावलेली. तिने फोटो पाठवला तेव्हा मामीने दोन दिवस तिला फिरायला जायला बंदी केली होती, दहा हजार किलोमीटरवरून. एका संध्याकाळी ती चालत असताना पुढे धावणारा एक मुलगा थांबला. कानातला एक इअरबड काढला आणि हात आडवा करून तिलाही थांबवलं. वाटेवर टायगर स्नेक पसरला होता, उन्हं खात. दोघं पाच-सहा पावलांवर उभे. साप काही करेना. मग सावकाश, जसा काही महापालिकेत कामाला जातोय अशा चालीने, तो गवतात उतरला. मुलाने इअरबड परत कानात घातला आणि पळायला लागला. तिला मात्र फोनवर आम्हाला हे सांगायला अर्धा तास लागला.

तुमचा प्रवेश जुलैच्या सेमिस्टरचा असेल तर तिकडे थंडी असते, साप दिसण्याची शक्यता फार कमी. फेब्रुवारीवाल्यांनी मात्र लक्ष द्यायचं, कारण साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तिकडे सापांचा सीझन.

चावलाच तर?

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ब्राऊन स्नेकचा दंश कित्येकदा दुखतही नाही. खूण इतकी बारीक असते की काट्याचा ओरखडा वाटावा. म्हणून 'बघू थोडा वेळ' असं करायचं नाही. चावल्याची शंका आली तरी खाली बसायचं, चालायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. ००० या नंबरवर फोन करायचा. मग रुंद इलॅस्टिक बँडेज, आपण पाय मुरगळल्यावर बांधतो तितकं घट्ट, दंशावरून सुरू करून सगळ्या हातावर किंवा पायावर गुंडाळायचं. कपडे काढत बसायचं नाही, वरूनच बांधायचं. काठी किंवा फळी लावून तो अवयव हलणार नाही असा करायचा. जखम धुवायची नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. साप शोधायलाही जायचं नाही. बँडेजची ही पद्धत स्ट्रुअन सदरलँड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी काढली. विष अंगात पसरतं ते मुख्यतः लसिकावाहिन्यांमधून, आणि हालचाल बंद करून दाब दिला की ते बराच वेळ तिथेच थोपवता येतं.

महत्त्वाचं म्हणजे हीच बँडेजची युक्ती सुट्टीत गावी आल्यावर वापरायची नाही. घोणस आणि फुरसं यांचं विष चावल्या जागचं मांस सडवतं, ते तिथेच दाबून धरणं महागात पडू शकतं. इकडे साप चावला तर हात-पाय न हलवता, १०८ ला फोन करून सरळ सरकारी हॉस्पिटल गाठायचं. मांत्रिक वगैरे रस्त्यात लागले तरी थांबायचं नाही.

तिकडे गेल्यावर पाठीवरच्या बॅगेत एक-दोन इलॅस्टिक बँडेज ठेवा, फार्मसीत सहज मिळतात. तुमच्या स्टुडंट हेल्थ कव्हरमध्ये ॲम्ब्युलन्सचं काय लिहिलंय तेही आजच वाचा.

आणि भाड्याच्या घरात साप शिरलाच, तर आधी घरातल्या सगळ्यांना आणि कुत्र्या-मांजरांना बाहेर काढा. मग त्या खोलीचं दार बाहेरून लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा आणि लायसन्स असलेल्या स्नेक कॅचरला फोन करा. मारायचा विचारही नको, तिथे साप कायद्याने संरक्षित आहेत आणि दंड होतो. कॅचर बहुतेक फी घेतो. ती घरमालकाने द्यायची की भाडेकरूने, हे फोन करण्याआधी एजंटला विचारून घ्या. लेखी.